चार्टिंग सॉफ्टवेअर: सोपं कुठलं, स्वस्त कुठलं आणि पैसे नक्की कशाचे द्यायचे

चार्टिंग सॉफ्टवेअर म्हणजे शेअर वगैरेंच्या भावाचे आलेख काढून दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुमचा एक मित्र म्हणतो ट्रेडिंगव्ह्यूचा पेड प्लॅन डोळे झाकून घे, दुसरा म्हणतो दरवर्षी भाडं भरत बसण्यापेक्षा अ‍ॅमीब्रोकरचं लायसन्स एकदा विकत घे आणि मोकळा हो, आणि तिसरा म्हणतो मेटाट्रेडर फुकट मिळतंय तर खिशात हात कशाला घालायचा. या तिघांत बरोबर कोण, वार्षिक प्लॅनवर सूट आहे ती घ्यावी का, आणि नुसत्या मोबाईलवर भागेल का, असं तुम्ही विचारलंय.

तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत हो, कारण मला खात्री आहे की पहिला डोळ्यांनी चार्ट बघून ट्रेड घेतो, दुसरा रात्री पाचशे शेअर्स गाळणीतून काढतो आणि तिसरा फॉरेक्समध्ये, म्हणजे चलनांच्या बाजारात आहे. हे वाद नेहमी असेच होतात, सॉफ्टवेअरवरून भांडतात आणि स्वतःची ट्रेडिंगची पद्धत सांगतच नाहीत. मी बरीच वर्षं हे सगळं वापरतोय आणि लोकांना बसवून देतोय, त्यावरून माझं मत सरळ सांगतो. चार्ट काढून दाखवणं हे काम आता जवळपास फुकट झालंय. पैसे लागतात ते डेटाला, डेटाच्या मागच्या इतिहासाला आणि अलर्ट वगैरेंच्या मर्यादा उठवायला. यातलं तुमच्या रोजच्या निर्णयाला काय लागतं ते आधी बघा, नाव नंतर ठरेल.

आता सोपेपणा. ट्रेडिंगव्ह्यू ब्राउझरमध्ये उघडलं की दहा मिनिटांत माणूस ट्रेंडलाइन ओढायला लागतो, यात वादच नाही. इन्स्टॉल करायची भानगड नाही, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काढलेली रेघ घरच्या कॉम्प्युटरवर दिसते. अ‍ॅमीब्रोकर उघडलं तर आधी डेटाबेस बनवा, सिम्बॉलची यादी टाका, डेटा कुठून घेणार ते ठरवा, आणि ते फक्त विंडोजवर चालतं. पहिली संध्याकाळ त्यातच जाते आणि दिसायलाही ते जुन्या जमान्यातलं आहे. म्हणून नवीन माणूस म्हणतो हे अवघड. पण हाच माणूस रोज रात्री एकेक शेअर उघडून "हा दोनशेच्या ईएमएच्या वर आहे का, व्हॉल्यूम वाढलाय का" (ईएमए म्हणजे ताज्या भावाला जास्त वजन देणारी सरासरी, व्हॉल्यूम म्हणजे किती उलाढाल झाली) असं बघत तास दीड तास घालवत असेल तर त्याचं ते सोपं सॉफ्टवेअर त्याला रोज तास दीड तास महाग पडतंय. अ‍ॅमीब्रोकरच्या एएफएल भाषेत तीच अट चार ओळींत लिहून एक्सप्लोरेशन चालवलं की पाचशे शेअर्सची गाळलेली यादी काही सेकंदांत समोर येते, चहा ठेवायलाही वेळ मिळत नाही. (ट्रेडिंगव्ह्यूतही स्क्रीनर आहे आणि साध्या अटींना तो पुरतो, पण अट जरा वाकडी झाली, म्हणजे मागच्या वीस दिवसांत असं घडलं आणि त्यानंतर तसं घडलं, की घोडं अडायला लागतं.)

तेव्हा पहिल्या दिवशी सोपं आणि शंभराव्या दिवशी सोपं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिव्ह्यू करणारे लोक पहिल्या दिवसाचंच बोलतात कारण त्यांनी वापरलेलंच तेवढं असतं.

एक छोटी गोष्ट जवळून बघा, अलर्ट. वरवर पाहता राइट क्लिक केलं, अलर्ट लावला, झालं, याहून सोपं काय असणार. पण तिथे एक पर्याय असतो, अट पूर्ण झाली की लगेच वाजव किंवा कॅन्डल (चार्टवरची ठराविक वेळेतला भाव दाखवणारी एक उभी पट्टी) बंद झाल्यावरच वाजव. तुमची पद्धत "कॅन्डल रेझिस्टन्सच्या वर बंद झाली तर घ्यायचं" (रेझिस्टन्स म्हणजे भाव वर जाताना जिथे अडतो ती पातळी) अशी असेल आणि तुम्ही लगेच वाजवचा पर्याय ठेवला तर भाव कॅन्डलच्या मध्येच दोन पैसे वर जाऊन परत खाली येणार, तुमचा फोन वाजणार, तुम्ही घाईत घेऊन मोकळे होणार, आणि कॅन्डल बंद होईल तेव्हा चार्टवर सिग्नलच नसणार. मग लोक म्हणतात सॉफ्टवेअर रिपेंट करतं, म्हणजे आधी दाखवलेला सिग्नल मागाहून पुसतं. बऱ्याच वेळा सॉफ्टवेअर काही करत नाही, अलर्टचा तो एक ड्रॉपडाउन चुकलेला असतो. दुसरं म्हणजे अलर्टना मुदत असते, विशेषतः फुकट आणि खालच्या प्लॅनमध्ये, ती संपली की तो गुपचूप बंद पडतो. महिनाभर लेव्हलची वाट बघताय आणि त्या दिवशी फोन वाजतच नाही, असं होऊ शकतं. म्हणून सोपं आहे का हे बघताना बटणं किती छान आहेत ते बघू नका, तुमचा एक पूर्ण ट्रेड, शोधण्यापासून स्टॉपलॉस (तोटा मर्यादेत ठेवणारी ऑर्डर) लावेपर्यंत, त्यात करून बघा आणि कुठे कुठे अडखळता ते बघा.

आता डेटा, आणि इथे जरा जास्त बोलणार आहे कारण पैशाचा खरा विषय हाच आहे.

नेहमीची तक्रार, "माझ्याकडे आरएसआय ३१ दाखवतंय आणि मित्राकडे २८, कुठलं सॉफ्टवेअर खोटं?" (आरएसआय म्हणजे भावाचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा एक इंडिकेटर.) दोन्ही खरी असू शकतात. मूळ पद्धतीच्या चौदाच्या आरएसआयमध्ये वाइल्डर स्मूदिंग असतं, त्यात प्रत्येक नवीन कॅन्डलला एक चौदांश वजन आणि आधीच्या सरासरीला तेरा चौदांश. म्हणजे नाव चौदाचं असलं तरी वागणूक २७ च्या ईएमएसारखी. काही ठिकाणी साधी सरासरी वापरतात, तिथे आकडा वेगळा येणारच. आणि पद्धत तीच असली तरी मागचा डेटा किती लोड झालाय त्यावरही फरक पडतो, कारण सुरुवातीचा आकडा हळूहळू विरतो. आरएसआयमध्ये पन्नास कॅन्डल गेल्यावर त्याचा प्रभाव अडीच टक्क्यांच्या आसपास उरतो, शंभर कॅन्डलनंतर नगण्य. पण २०० च्या ईएमएला हाच हिशोब लावा, सुरुवातीनंतर आणखी २०० कॅन्डल गेल्या तरी साधारण साडेतेरा टक्के प्रभाव शिल्लक असतो. म्हणजे ज्याच्याकडे चारशेच कॅन्डल लोड झाल्यात आणि ज्याच्याकडे पाच हजार, त्या दोघांच्या २०० च्या रेघा वेगळ्या जागी असू शकतात, आणि तुम्ही नेमके त्या रेघेला भाव टेकला की घेणारे असाल तर बोंबला.

म्हणून प्लॅनच्या जाहिरातीत "इतके हिस्टॉरिकल बार" (बार म्हणजे कॅन्डलच) असं लिहिलेलं असतं त्याकडे लक्ष द्या, लोक ती ओळ वाचतच नाहीत. समजा ५,००० बार मिळतात. ऐकायला भरपूर वाटतात. बाजार दिवसाला साडेसहा तास चालत असेल तर पाच मिनिटांच्या कॅन्डल होतात ७८, म्हणजे ५,००० बार म्हणजे ६४ दिवस, तीन महिन्यांचा ट्रेडिंगचा काळ. एक मिनिटाच्या चार्टवर गेलात तर तेरा दिवसही नाही. आणि त्या तेरा दिवसांवर बॅकटेस्ट करून, म्हणजे जुन्या डेटावर पद्धत तपासून, "माझी स्ट्रॅटेजी ८० टक्के चालते" म्हणणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. उलट तुम्ही डेली चार्टवर काम करत असाल तर वर्षाला साधारण अडीचशे कॅन्डल, ५,००० बार म्हणजे वीस वर्षं. त्या माणसाने जास्त बारवाला महाग प्लॅन कशासाठी घ्यायचा? नाहीच घ्यायचा.

व्हॉल्यूमचंही असंच आहे. स्पॉट फॉरेक्सला एक मध्यवर्ती एक्स्चेंजच नाही, त्यामुळे मेटाट्रेडरवर फॉरेक्सच्या चार्टखाली जे व्हॉल्यूम दिसतं ते त्या ब्रोकरकडे भाव किती वेळा हलला याची मोजणी असते, खरे सौदे नव्हेत. अमेरिकन शेअर्सचे सौदे डझनभरापेक्षा जास्त एक्स्चेंजवर विखुरलेले असतात, स्वस्त किंवा फुकट फीड त्यातल्या एकाच ठिकाणचा असेल तर भाव जवळपास बरोबर दिसतो पण व्हॉल्यूम तुकड्याचाच असतो आणि त्यावर काढलेला व्हीवॅपही (व्हॉल्यूमच्या वजनाने काढलेला सरासरी भाव). तुम्ही व्हॉल्यूम बघतच नसाल तर काही बिघडत नाही. व्हॉल्यूमवरच ट्रेड करत असाल तर मात्र पैसे तिथे घाला, चार्टच्या रंगरूपावर नको.

आणि शेअर स्प्लिट. एकाचे दोन झाले की भाव निम्मा होतो, अ‍ॅडजस्ट न केलेल्या डेटात तो चार्टवर एका दिवसात ५० टक्के कोसळलेला दिसतो. डोळ्यांनी बघणारा माणूस ओळखतो, स्कॅनर ओळखत नाही, तो तुम्हाला थाटात सेल सिग्नल काढून देतो. अ‍ॅमीब्रोकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा तुमचा तुम्ही आणायचा असल्यामुळे ही साफसफाई तुमच्या किंवा डेटा विकणाऱ्याच्या गळ्यात असते. "एकदा घे आणि मोकळा हो" म्हणणारा मित्र हे सांगायला विसरला असेल. लायसन्स एकदाच घ्यायचं हे खरं, अपडेट मात्र ठराविक काळच फुकट मिळतात (जुनं व्हर्जन त्यानंतरही चालत राहतं, बंद पडत नाही), पण लाइव्ह डेटाचं बिल दर महिन्याला सुरूच राहतं. दिवस संपल्यावरचा डेटा चालत असेल तर तो खर्च किरकोळ किंवा शून्य होतो आणि मग मित्राचा हिशोब खरंच फायद्याचा ठरतो.

ट्रेडिंगव्ह्यूमध्येही प्लॅन घेतला म्हणजे सगळ्या एक्स्चेंजचा रिअल-टाइम डेटा मिळाला असं नाही, बऱ्याच एक्स्चेंजचा वेगळा घ्यावा लागतो, नाहीतर काही मिनिटं उशिराचा दिसतो. सिम्बॉलच्या बाजूला बारीक खूण असते, ती बघून घ्या. इंट्राडे करणारा माणूस पंधरा मिनिटं उशिराच्या चार्टवर ट्रेड करतोय हे मी पाहिलंय, आणि त्याने प्लॅनचे पैसे भरलेले होते. आणखी एक फॉर्म येतो, तुम्ही प्रोफेशनल आहात की नाही. तो आंधळेपणाने भरू नका, प्रोफेशनलला एक्स्चेंजची फी कित्येक पट जास्त असते. स्वतःच्या पैशाने, स्वतःपुरतं करताय आणि या क्षेत्रात नोकरी नाही तर बहुतेक वेळा नॉन-प्रोफेशनलमध्ये बसता, पण व्याख्या प्रत्येक एक्स्चेंजची आहे, ती वाचा आणि खरं तेच लिहा.

आता मेटाट्रेडर. मेटाट्रेडर ४ हे २००५ चं, ५ हे २०१० चं, आणि मेटाट्रेडर ४ अजूनही लोक सोडत नाहीत कारण त्यावर लिहिलेले हजारो इंडिकेटर आणि रोबोट पडून आहेत, जे पाचवर जसेच्या तसे चालत नाहीत. तुम्हाला फुकट मिळतं कारण लायसन्सचे पैसे ब्रोकर भरतो, आणि ब्रोकर ते स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक) आणि कमिशनमधून तुमच्याकडूनच काढतो. त्यात वाईट काही नाही, धंदाच तसा आहे, पण हिशोब करताना फुकट म्हणू नका. महिन्याला भरपूर सौदे करणाऱ्याला स्प्रेडमधला केसाएवढा फरकसुद्धा कुठल्याही सबस्क्रिप्शनपेक्षा जास्त पडतो. तिथला डेटाही ब्रोकरचाच. सर्व्हरची वेळ कुठली यावरून डेली कॅन्डल कधी बंद होते ते ठरतं, एका ब्रोकरकडे आठवड्याच्या पाच पूर्ण कॅन्डल आणि दुसऱ्याकडे रविवारची एक चिमुकली सहावी. त्या सहाव्या कॅन्डलमुळे तुमची सरासरी, तुमचे कॅन्डल पॅटर्न, सगळंच बदलतं. दोन मित्र एकाच जोडीच्या एकाच दिवसाच्या चार्टवर हॅमर (लांब शेपटीची एक कॅन्डल) आहे की नाही यावर भांडतात ते यामुळे. मात्र ऑटोमॅटिक ट्रेडिंग शिकायचं असेल, भाव तुमच्या ब्रोकरचा आणि ऑर्डरही तिथेच, तर मेटाट्रेडर ५ चा टेस्टर फुकटात मिळणाऱ्यांमध्ये उत्तम आहे.

सिएरा चार्ट, निन्जाट्रेडर वगैरे फ्युचर्सवाल्यांची दुनिया. ऑर्डर फ्लो, फूटप्रिंट, डेप्थ यांवर काम करत असाल तर तिकडे जा, सिएरा दिसायला रुक्ष आणि सेटिंगचं जंगल आहे पण एकदा बसलं की हलत नाही. ऑर्डर फ्लो म्हणजे काय हे माहीत नसेल तर आत्ता तिकडे बघूच नका.

बॅकटेस्टबद्दल एवढंच, की जिथे बॅकटेस्ट सगळ्यात सोपा आहे तिथे सगळ्यात जास्त जपा. ट्रेडिंगव्ह्यूवर हायकेन आशी चार्ट लावून स्ट्रॅटेजी चालवली की नफ्याची रेघ देखणी दिसते, कारण हायकेन आशीचा क्लोज म्हणजे त्या कॅन्डलच्या ओपन, हाय, लो, क्लोजची सरासरी, त्या भावाला बाजारात तुम्हाला कोणी काही दिलेलं नसतं. सेटिंगमध्ये खऱ्या भावावर ऑर्डर भरायचा पर्याय आहे, तो टिक करा आणि मग ती रेघ बघा. शिवाय पाइन स्क्रिप्टची, म्हणजे ट्रेडिंगव्ह्यूच्या स्वतःच्या भाषेतली स्ट्रॅटेजी एका वेळी एकाच सिम्बॉलवर चालते, एकच भांडवल वीस शेअर्समध्ये फिरवलं तर काय झालं असतं हे तिथे कळत नाही. ते अ‍ॅमीब्रोकरमध्ये कळतं. पोर्टफोलिओ बॅकटेस्ट हवा असणाऱ्याला हा एकच मुद्दा निकाल लावायला पुरेसा आहे.

खर्चाचं माप मी नेहमी भांडवलाशी लावतो. चलन कुठलंही धरा, भांडवल १,००,००० आणि सॉफ्टवेअर अधिक डेटा वर्षाला ६,००० म्हणजे तुम्ही वर्षाची सुरुवातच उणे सहा टक्क्यांनी करताय, ब्रोकरेज आणि कर वेगळे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेच भांडवल दहा पट असेल तर तोच खर्च ०.६ टक्के होतो आणि मग त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, वेळ वाचतोय ना, घ्या. माझा स्वतःचा नियम वर्षाला एक टक्क्याच्या आत, त्यावर जायचं तर कारण सांगता आलं पाहिजे. "सगळे वापरतात" हे कारण धरत नाही मी.

एक खर्च कोणी मोजत नाही तो म्हणजे सोडून जायचा. पाइन स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं बाहेर चालत नाही, एएफएलचं मेटाट्रेडरच्या एमक्यूएल भाषेत आपोआप होत नाही, चार वर्षं काढलेल्या रेघा आणि नोट्स दुसरीकडे उचलून नेता येत नाहीत. म्हणून कोड लिहिणाऱ्यांनी आपल्या अटी साध्या मराठीत एका फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात, कशावर घ्यायचं, कुठे स्टॉप, किती क्वांटिटी. ती फाइल हातात असेल तर भाषा बदलणं हे आठवड्याभराचं काम आहे, नसेल तर तुम्ही तुमच्याच जुन्या कोडमध्ये नाक खुपसून बसता. विकत घेतलेले इंडिकेटर तर आणखी वाईट, आतलं दिसत नाही आणि विकणारा गायब झाला की बोलायला कोणी नाही.

तर तुमच्यासाठी काय. तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून स्विंग ट्रेड (काही दिवस किंवा आठवडे धरून ठेवायचे सौदे) करता, डेली चार्ट, रात्री बघता, तीस-चाळीस शेअर्सची यादी. एवढ्याला ट्रेडिंगव्ह्यूचा फुकट प्लॅन आणि ब्रोकरच्या अ‍ॅपमधले प्राइस अलर्ट पुरतात. फुकट प्लॅनवर इंडिकेटर मोजकेच लावता येतात आणि जाहिराती मध्ये मध्ये येतात, पण खरं सांगायचं तर चार्टवर तीन-चारपेक्षा जास्त इंडिकेटर लावायची वेळ येत असेल तर आधी ते कमी करा. अडलंच तर सगळ्यात खालचा पेड प्लॅन, त्याच्या वरचा नाही. यादी तीनशेवर गेली, किंवा जुन्या डेटावर पद्धत तपासायची खाज सुटली, की अ‍ॅमीब्रोकरची ट्रायल उतरवा आणि दिवसअखेरच्या डेटावर खेळा. मित्राचं ऐकायची वेळ तेव्हा येईल.

वार्षिक सूट आत्ता घेऊ नका. आधी मासिक घ्या, दोन महिने वापरा आणि बघा की पेड प्लॅनमधली कुठली गोष्ट तुम्ही रोज वापरलीत. एकही नसेल तर बंद करा. असेल तर वार्षिकवर जा, आणि सूट हुकेल म्हणून घाबरू नका, नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेला बहुतेक कंपन्या मोठी सूट देतात, तेव्हा घ्या. घेतल्याबरोबर ऑटो-रिन्यूअल बंद करायचं, पुढच्या वर्षी आठवत नाही आणि कार्डावरून पूर्ण रक्कम जाते, सूट फक्त पहिल्या वर्षाला असते बऱ्याच ठिकाणी.

आणि मोबाईल. अलर्ट यायला, पोझिशन बघायला, अडीनडीला बाहेर पडायला मोबाईल छान. चार्ट वाचून नवीन ट्रेड ठरवायला नको, छोट्या स्क्रीनवर चाळीस-पन्नास कॅन्डलच दिसतात आणि डाव्या बाजूचा सपोर्ट (भाव खाली येताना जिथे थांबतो ती पातळी) स्क्रीनच्या बाहेर राहतो. शिवाय चार्टवरून ऑर्डर देणारी जी अ‍ॅप्स आहेत त्यांत स्टॉपची रेघ बोटाने सरकते, चार्ट मागे ओढायला गेलात आणि स्टॉपच वर गेला असं सहज होतं. सेटिंगमध्ये ऑर्डर बदलण्यापूर्वी विचारण्याचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा, नसेल तर त्या अ‍ॅपमध्ये चार्टवरून ट्रेडिंग बंद करून टाका.